ब्रेकवर पाय नसताना

पूल चढून पिकअप मध्यावर आली आणि डॅशबोर्ड विझला. एवढंच झालं. इंजिनाचा आवाज होता तसाच होता, रस्त्यावर हेडलाइटचा उजेड होता, पुढे चाललेल्या बसच्या मागच्या काचेत कुणाचं तरी डुलक्या घेणारं डोकं दिसत होतं. फक्त खालचं सगळं गेलं. वेगाचा काटा गेला, डिझेलचा काटा गेला, वर्षानुवर्षं उगाच जळत राहिलेला दाराचा केशरी दिवा गेला, आणि स्टिअरिंगवर ठेवलेले त्याचे स्वतःचे हातही गेले. हात आहेत हे त्याला कळत होतं, कारण स्टिअरिंगची थंडगार कड बोटांना लागत होती. पण दिसत नव्हते. खिडकीच्या खालच्या काठापर्यंत जग होतं आणि त्याच्या खाली नव्हतं. पुलावर थांबायची सोय नव्हती. मागून हॉर्न वाजत होते. तो बसमधल्या त्या डुलक्या घेणाऱ्या डोक्याला नजरेने धरून चालवत राहिला, आणि पूल संपायच्या आत सगळं परत आलं. दिवा लागतो तसं झटकन नाही. आधी एका कडेने राखाडी झालं, मग काटे आले, मग बोटं आली, मग अंगठ्यावरची काच लागल्याची जुनी खूण आली. 

दुसरा कुणी असता तर त्याने डॅशबोर्डवर दोन थापा मारल्या असत्या, गाडीला एक कचकचीत शिवी हासडली असती आणि घरी जाऊन विसरला असता. गाडी म्हातारी होती. काचवाल्याची गाडी, मागे काचा उभ्या ठेवायची लोखंडी घोडी बसवलेली; रोज तिचं काही ना काही दुखत असे आणि रोज ती कुरकुरत कामाला येई. पण काचवाला जो घाबरला तो गाडीसाठी नव्हे. त्याला एकच डोळा होता. म्हणजे दिसायला चांगले दोन होते, फोटोत तर देखणे दिसत. पण डाव्यात लहानपणी काचेचा कण गेलेला, आणि तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड आहे की नाही, एवढंच कळे. सगळा संसार उजव्यावर. काच कापायची हिरकणी फिरवायची ती उजव्याच्या भरवशावर, गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप घ्यायचं ते उजव्याच्या भरवशावर, गाडी हाकायची तीही. त्यामुळे अंधार झाला की दोन डोळ्यांच्या माणसाला जो प्रश्न कधी पडत नाही तो त्याला आधी पडे. अंधार बाहेर झाला, की आत?

आणि हा प्रश्न आला की पाठोपाठ वडील येत. ते पाट्या रंगवत. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या; अक्षर असं, की लोक पाटी वाचायचं सोडून नुसती बघत उभे राहात. एका दुपारी त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, फक्त टेबल तिथे नव्हतं. टेबल वीतभर पलीकडे होतं. कप फुटला, चहा आईच्या पायावर उडाला. "लक्ष कुठे असतं तुमचं?" आई म्हणाली. वडील हसले. "रंगाच्या वासानं डोकं फिरलंय," म्हणाले. ते हसू काचवाल्याला अजून आठवत होतं. तेव्हा ते साधं वाटलं होतं आणि आता आठवलं की नकोसं होई. त्यानंतर वडील जिना उतरताना पायाने पायरी चाचपायला लागले. हनुवटी छातीला टेकवून बघायला लागले. पाटीवरची वरची ओळ जशीच्या तशी सुरेख, आणि खालची ओळ घसरलेली. गिऱ्हाईक कुरकुरलं तेव्हा म्हणाले, फळीच वाकडी होती. घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मग एका सकाळी ते बूट घालायला वाकले आणि तसेच आडवे झाले. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, याआधी कधी डोळ्यांपुढे अंधारी, पडदा आल्यासारखं, असं काही? आई म्हणाली, छे, कधीच नाही. आणि खाटेवरच्या वडिलांनी मान हलवली. हो. डॉक्टरने विचारलं, एकदा? वडील मान हलवत राहिले. खूपदा? वडील मान हलवतच राहिले. त्यानंतर कित्येक वर्षं ते खिडकीशेजारच्या खाटेवर पडून होते आणि त्यांच्या तोंडून फक्त 'त' निघे. पाण्याला त, आईला त, दुखण्याला त. आई सगळे त ओळखायला शिकली होती. पण मरायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मुलाचा हात धरून जे इतका वेळ त, त, त, केलं होतं, ते तिलाही ओळखता आलं नव्हतं.

घरी पोचल्यावर त्याने बायकोला इतकंच सांगितलं, की डॅशबोर्डचे दिवे मध्येच जातायत. खाली कारखाना आणि वर घर, ती टेबलावर काचेच्या तुकड्यांना कागद लावत होती, हात न थांबवता म्हणाली, "मग मागचे पण जात असणार. शॉकभाऊजींनी सांगितलं होतं ना मागे?" शॉक म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गाड्यांची वायरिंग करायचा. स्वतःच्या लग्नात दिव्यांची माळ लागेना म्हणून हा नवरदेव स्टूल घेऊन वर चढला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर असा काही झटका खाऊन खाली आला, की त्याचं खरं नाव त्या दिवशी संपलं. पण काम पक्कं. त्याने खरंच सांगितलं होतं: डॅशबोर्डचे दिवे आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर असतात. आत अंधार म्हणजे मागे अंधार. मागचं आपल्याला दिसत नाही, म्हणून डॅशबोर्डकडे बघायचं. तो गेला तर समजायचं, मागून येणाऱ्याला आपण दिसत नाही आहोत.

काचवाला हात धूत होता. नळ चालू ठेवून तो तसाच उभा राहिला. म्हणजे तपासणं सोपं होतं. डॅशबोर्ड अंधारला त्या क्षणी मागचे लाल दिवेही विझलेले असले, तर दुखणं गाडीचं. आणि आत अंधार असताना मागे लाल दिवे लागलेलेच असले, तर. या 'तर'च्या पुढे तो गेला नाही. फक्त त्या क्षणी गाडीच्या मागे कुणीतरी उभं असायला हवं. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, ही एरवी किती क्षुल्लक गोष्ट, आणि आता सगळं त्यावर येऊन ठेपलेलं. "उद्या संध्याकाळी जरा मागे उभी राहशील?" त्याने विचारलं. "गाडी मागे घेताना रोज उभी असतेच की," ती म्हणाली, "माझ्याशिवाय तुम्हाला कुठे मागचं जमतं?" हे खरं होतं. बाजाराच्या दिवशी पिकअप तीच चालवायची, आणि मागे घ्यायची तर त्याच्यापेक्षा सफाईने. तो शेजारी बसून नसलेला ब्रेक पायाने दाबत राही, आणि ती त्याच्या पायाकडे बघून हसे.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर त्यांनी अंगणात गाडी उभी केली. वर ट्यूबलाइट होती. मागच्या भिंतीला एक मोठा आरसा टेकवलेला होता. कुणा सलूनवाल्याने मागवला, आणि आरसा तयार होईपर्यंत सलूनच बंद पडलं, तेव्हापासून तो तिथेच. बायको त्या आरशाला पाठ लावून उभी राहिली. गाडीतून त्याला ती दिसत नव्हती, कारण घोडीवर उद्याच्या काचा बांधलेल्या, त्यावर ताडपत्री. त्याने इंजिन चालू केलं, दिवे लावले. डॅशबोर्ड लख्ख. तो वाट बघत बसला. भीतीची वाट बघत बसणं हा काय प्रकार असतो ते त्याला त्या दिवशी कळलं. यावी असंही वाटतं, येऊ नये असंही. "झालं का?" बायको ओरडली. "डास चावतायत." त्याने डॅशबोर्डवर थाप मारली. काही नाही. आणखी जोरात मारली. आणि डॅशबोर्ड गेला. काळा ठिक्कर. त्याचे पाय ताठ झाले आणि तो ओरडला. "बघ! आत्ता बघ! लाल आहेत का?"

"आहेत की," मागून आवाज आला. "चांगले लालभडक आहेत."

यानंतरचे दिवस काचवाल्याने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. बाहेरून बघणाऱ्याला दिसलं असतं ते इतकंच, की हा माणूस कामात जरा हळू झालाय. काच टेबलावर घेतली की तो ती आधी उजेडाकडे धरायचा, जणू काचेत काही दोष आहे. दोष काचेत नव्हता. तो खालची कड शोधत होता. खालची कड दिसते आहे का, हिरकणीचं टोक दिसतं आहे का, बुटाची नाडी दिसते आहे का. सगळं दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणून जीवाला थारा नव्हता. वडिलांनाही बहुतेक वेळ सगळं दिसतच होतं. तो जिना उतरला आणि मध्यावर लक्षात आलं, की आपण पायाने पायरी चाचपतो आहोत. गरज होती म्हणून चाचपलं, की वडील आठवले म्हणून? कप टेबलावर ठेवताना आधी एका हाताने टेबल धरायची सवय लागली. बायकोने ते पाहिलं. "टेबल पळून जाणार आहे का?" ती म्हणाली, आणि तो हसला, आणि हसताना त्याला स्वतःच्या तोंडावर ते हसू जाणवलं, वडिलांचं, तेच, ओठांच्या त्याच कोपऱ्यातलं. त्याने तोंड फिरवलं. त्या क्षणी सांगून टाकता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण सांगितलं की ते खरं होणार होतं, आणि न सांगता आणखी एक दिवस ते गाडीचं दुखणं म्हणून खपवता येत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरचा दवाखाना त्याच्याच रस्त्यावर होता. त्या दवाखान्याच्या दाराची काच त्यानेच बसवली होती. तो दोनदा त्या दारासमोरून गेला, काच नीट बसली आहे ना ते बघितल्यासारखं केलं, आणि पुढे निघाला. आत गेलं की ते दोन्ही डोळे तपासणार, वडिलांचं विचारणार, मग एका कागदावर काहीतरी लिहून मान हलवणार. त्याला ती हलणारी मान नको होती. तेव्हा त्याने माणसं करतात तेच केलं: ज्या दुखण्याची भीती होती त्याच्या डॉक्टरकडे न जाता ज्याची नव्हती त्याच्या डॉक्टरकडे गेला. रविवारी दुपारी बायकोला घेऊन, काचा उतरवून, रिकामी गाडी त्याने शॉकच्या दारात उभी केली. बायको बहिणीकडे वर गेली. शॉकच्या गॅरेजमध्ये जळक्या वायरचा आणि तेलाचा वास होता, आणि बाकावर पितळी बुडाचे जळके बल्ब एका डब्यात साठवलेले होते, कशासाठी ते शॉकलाही माहीत नसावं.

"या थोरले," शॉक म्हणाला. थोरल्या साडूला तो थोरले म्हणायचा, आणि त्यात मान किती आणि चिडवणं किती ते कधी कळायचं नाही. "गाडीनं काय नवीन नाटक काढलं?"

काचवाल्याने सांगितलं. पुलावरचं सांगितलं, पण हात दिसेनासे झाले ते नाही सांगितलं. अंगणातलं सांगितलं. आत अंधार, आणि मागे लाल. सांगताना आवाज सपाट ठेवायला त्याला फार कष्ट पडले, आणि सांगून झाल्यावर तो शॉकच्या तोंडाकडे असा बघत राहिला, की शॉक म्हणाला, "अहो, गाडी आहे, मेली नाही अजून." मग तो खाली वाकला, फ्यूजच्या पेटीचं झाकण काढलं, आणि एकदम हसत सुटला. "हे कुणाचं काम?" त्याच्या चिमटीत एक फ्यूज होता. "दहा अँपिअरचा असायला हवा. हा तिसाचा. कुणी घातला?" काचवाल्यानेच घातला होता, पावसाळ्यापूर्वी. दहाचा सारखा जळत होता. रोज कोण बदलणार? मोठा घातल्यावर जळायचा थांबला, म्हणून त्याने स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. "शाब्बास," शॉक म्हणाला. "फ्यूजला काम काय, तर वेळेवर जळायचं. तुम्ही त्याला तेच करू दिलं नाहीत. मग तो जळला नाही, त्याचं घर वितळलं. बघा, पाय ढिले झालेत. थाप मारली की सुटतोय." त्याने डॅशबोर्डवर थाप मारली. अंधार. पुन्हा मारली. उजेड. मग तो गाडीखाली शिरला आणि तिथून त्याचा आवाज आला, की दहाचा का जळत होता तेही सापडलं. घोडी बसवताना जो बोल्ट ठोकलाय तो मागच्या दिव्याची वायर खातोय. घोडी काढावी लागेल, ठेवून जा, भोक दुसरीकडे पाडून देतो.

"पण मागे लाल होते," काचवाला म्हणाला. "तिने पाहिले. आत अंधार होता आणि मागे लाल होते."

शॉक गाडीखालून बाहेर आला, बाकावर बसला, आणि मोठ्या माणसाला समजावताना जो संयम लागतो तो मुद्दाम चेहऱ्यावर आणून म्हणाला, "थोरले, पाय कुठे होता तुमचा?"

"म्हणजे?"

"ब्रेकवर होता. अंधार झाला, तुम्ही दचकलात, पाय ब्रेकवर गेला. गाडी उभी असतानाही जातो, ड्रायव्हर माणसाचा पाय आहे. ब्रेकचे दिवे वेगळ्या फ्यूजवर. ते पण लाल, ते पण तिथेच. मागे उभ्या माणसाला काय कळणार कोणता लाल आहे तो? बसा आत. हं, आता मारा थाप. गेला ना उजेड? पाय काढा ब्रेकवरून. काढलात? मागे काही नाही. ठार काळोख. आता ठेवा पाय. लालभडक." तो मागून येऊन खिडकीशी उभा राहिला. "हेच पाहिलं ताईंनी. सगळे हेच करतात. माझ्याकडे महिन्याला एक तरी येतो, देवाशपथ मागे दिवे आहेत म्हणत, आणि पाय ब्रेकवर." मग आत वाकून, "एवढे पांढरे का पडलात?"

काचवाल्याचा जीव भांड्यात पडला. हे शब्द आपण उगाच वापरतो, पण त्याला खरंच छातीतून काहीतरी सुटून खाली, पोटात, गरम जागी जाऊन बसल्यासारखं वाटलं. गाडीच होती. मेली गाडीच होती. त्याला हसू यायला लागलं आणि थांबेना. शॉकही हसायला लागला, आणि वरून दोघी बहिणी जिन्यात येऊन विचारायला लागल्या, की काय झालं, तर दोघांनाही नीट सांगता येईना. वर चहा झाला. शॉकच्या बायकोने नेहमीप्रमाणे लग्नातल्या झटक्याची गोष्ट काढली आणि काचवाला ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा हसला. त्याने कप टेबलावर ठेवला, टेबल न धरता. हातांचं तेवढं मध्येच आठवलं. पुलावर थाप मारली नव्हती, खड्डा नव्हता. आणि हात का गेले? पण रात्री गाडीत डॅशबोर्ड विझला की हात कसे दिसणार, दिसणारच नाहीत, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते पटलं. अंगणात ट्यूबलाइट होती आणि तिथे डॅशबोर्ड गेला तेव्हा हात दिसत होते, हेही त्याला आठवलं, आणि तेही त्याने कशात तरी बसवलं. सुटलेल्या माणसाला सगळं पटतं.

परतीच्या वाटेवर संध्याकाळ होती. घोडी शॉककडे राहिली होती, त्यामुळे गाडी हलकी होती आणि कितीतरी वर्षांनी मधल्या आरशातून मागचा रस्ता मोकळा दिसत होता. नवा दहाचा फ्यूज, नवीन वायरला टेप, डॅशबोर्ड असा हिरवट उजळलेला, की बायको म्हणाली, "एवढा प्रकाश होता होय यात?" तो बोलत सुटला होता. आपण कसे घाबरलो ते गंमत म्हणून सांगत होता, जवळजवळ सगळं सांगत होता. फक्त वडिलांपाशी आला की गोष्ट वळवत होता. "काहीतरी होतंच तुमचं," बायको म्हणाली. "टेबल धरून चहा पीत होतात. मला वाटलं, विचारावं की नको." "विचारायचं होतंस." "तुम्ही सांगितलं असतंत?" तो हसला. त्या वेळी त्याला ते हसू कुणाचंही वाटलं नाही. पूलही त्यांनी पार केला. पुलाच्या मध्यावर त्याने मुद्दाम खाली बघितलं. काटे जागेवर, हात जागेवर.

अंगणाशी आल्यावर बायको उतरली, फाटक उघडलं, ट्यूबलाइट लावली, आणि नेहमीप्रमाणे मागे आरशापाशी जाऊन उभी राहिली. "या. या. या. अजून या. बस्!" तिने गाडीच्या पत्र्यावर हात मारला. त्याने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. दिवे तसेच ठेवले. मधल्या आरशात त्याला मागच्या भिंतीचा मोठा आरसा दिसत होता, आरशात गाडीची पाठ, आणि शेजारी बायको कमरेवर हात ठेवून उभी. सगळं इतकं साधं आणि आपलं होतं, की त्याला जरा वेळ तसंच बसून राहावंसं वाटलं. त्याने किल्लीकडे हात नेला. आणि किल्ली नव्हती.

किल्ली नव्हती, डॅशबोर्ड नव्हता, हात नव्हता. खालून वर चढत आलं आणि खिडकीच्या काठाशी येऊन थांबलं. वर ट्यूबलाइट चालू होती, ती काचेतून दिसत होती, तिच्याभोवती फिरणारा एक किडा दिसत होता. त्याने हात उचलून डोळ्यांसमोर धरला. तो त्या उजेडात आला, दिसला. खाली नेला, गेला. फ्यूज, तो स्वतःशी म्हणाला. नवा फ्यूजही ढिला असेल. शॉक काय, घाईत बसवला असेल. बघू मागे. मागे काळोख असेल.

मधल्या आरशात दोन लाल दिवे होते.

पाय. पाय ब्रेकवर असेल. त्याने दोन्ही पाय मागे ओढले. दिवे तसेच. पण पाय खरंच निघाले का? त्याला ते दिसत नव्हते. त्याने गुडघे वर घेतले, दोन्ही टाचा सीटच्या काठावर ठेवल्या, लहान मूल ओट्यावर बसतं तसा, आणि वाकून दोन्ही बुटांना हात लावून पाहिला. एक बूट. दुसरा बूट. दोन्ही सीटवर. ब्रेकवर कुणीही नव्हतं. मधल्या आरशात दोन दिवे शांतपणे लाल होते.

"लागलेत हो!" बायको मागून ओरडली. तिच्या आवाजात हसू होतं. "पाय आहे का ब्रेकवर?"

"नाही," तो म्हणाला, पण ते तोंडातल्या तोंडात राहिलं.

"मग झकास लागलेत! दोन्ही! सांगा शॉकभाऊजींना!"

तो बुटांवर हात ठेवून बसून राहिला. इतकी भीती त्याला कधी वाटली नव्हती. पुलावर नाही, त्या दवाखान्याच्या दारापाशी नाही. कारण तेव्हा भीतीला एक गाडी होती लपायला. आता तो डोळा होता, आणि डोळ्याच्या मागे एक नस होती, आणि त्या नसेच्या मागे एक खाट होती, खिडकीशेजारची. हे जाईल. थोड्या वेळात कडेने राखाडी होईल, काटे येतील, बोटं येतील. उतरता येईल. दार लावून वर जाता येईल. म्हणता येईल, हो, झकास लागलेत. त्याला कळलं, की वडिलांनी दर वेळी हेच केलं होतं. ते खोटं बोलले नव्हते. ते दर वेळी परत येणाऱ्या उजेडाची वाट बघत बसले होते, आणि उजेड दर वेळी आला होता, आणि मग सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते शेवटी हात धरून त, त, त करत होते ते हेच असेल का? त्याने तोंड उघडलं. उघडलं आणि जीभ जागेवर असल्याची खात्री होईना. आता आवाज काढला आणि तोच आला तर? तोच एक, पाण्याचा, आईचा, दुखण्याचा?

"अगं," तो म्हणाला.

आवाज आला. त्याचाच होता.

"अगं, इकडे ये. मला दिसत नाहीये."

आरशातली बायको कमरेवरचे हात सोडून हलली आणि आरशातून गेली. पावलं गाडीच्या बाजूने आली. "डॅशबोर्ड पुन्हा गेला?" तिने विचारलं आणि खिडकीतून वाकून आत बघितलं. तिचा चेहरा त्याच्या उजेडात होता, वरच्या अर्ध्या जगात, आणि तिच्या हनुवटीवर, ओठांवर, नाकाच्या खालच्या कडेवर हिरवट उजेड पडला होता. तो कुठून येतो आहे ते त्याला ठाऊक होतं. ती डॅशबोर्डकडे बघत होती. मग त्याच्याकडे. मग सीटवर घेतलेल्या त्याच्या पायांकडे.

"कधीपासून?" ती म्हणाली. आवाजातलं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"पुलावर झालं होतं. पहिल्यांदा. आज हे दुसऱ्यांदा." आणि मग, सांगायचं तर सगळंच सांगायचं म्हणून, "बाबांचं असंच सुरू झालं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं."

तिने दार उघडलं. तिचा हात त्याच्या दंडाला लागला तेव्हा तो गार होता. म्हणजे तीही घाबरली होती, आणि तरी तिने त्याला हाताने ढकलून पलीकडच्या सीटवर सरकवलं, पोत्याला सरकवावं तसं. ती आत बसली. किल्ली फिरवल्याचा आवाज आला, इंजिन धडधडलं. "मोठ्या दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "आत्ता. आणि तुम्ही बोलत राहा. काय वाटेल ते बोला, पण गप्प बसू नका. ऐकताय ना? गप्प बसायचं नाही."

बोलायला काही मिळतं का म्हणून त्याने वर बघितलं. तिथे मधला आरसा होता, सरकताना त्याचं डोकं लागून त्याच्या बाजूला वळलेला. ती तो स्वतःकडे फिरवायला विसरली होती. मागच्या भिंतीवरच्या आरशात दोन दिवे मंद लाल होते. मग ते एकदम भडक झाले.

"आता पाय ब्रेकवर आहे तुझा," तो म्हणाला.